हेड खोलायच्या आधी कॅप बघा

तुमची तक्रार आधी एकत्र मांडतो. गाडी २००५ ची, पेट्रोल, एक लाख तीस हजार किलोमीटर झालेली. आठवड्याला साधारण अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब दिसत नाही. पुण्यात तापमानाचा काटा निम्म्याच्याही खाली असतो. महाबळेश्वरला जाताना मात्र खंबाटकीत तो वर सरकला आणि पसरणी घाटात लाल पट्टीला टेकला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) मागेच काढून टाकलाय आणि आता म्हणतोय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड खोलावं लागेल.

गेलं असेलही. पण कशावरून? तुम्ही लिहिलंय त्यात एकाही तपासणीचा उल्लेख नाही. गाडी गरम झाली आणि पाणी कमी झालं, एवढ्यावर हेड खोलणं म्हणजे ताप आला म्हणून पोट फाडून बघणं.

सुरुवात सगळ्यात स्वस्त वस्तूपासून करा, म्हणजे रेडिएटरच्या कॅपपासून. ती नुसती झाकण नाही, प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा कोरलेला असतो. ०.९ ची कॅप नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तिचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली की पाणी उघड्या पातेल्यातल्यासारखं वागतं. आणि तुम्ही कुठे चालला होतात? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या घरात आहे. तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. बऱ्याच गाड्यांचा पंखा त्याच सुमाराला चालू होतो. म्हणजे पंखा जागा होईपर्यंत तुमचं पाणी उकळायला लागलेलं, वर पसरणीचा चढ आणि दुसरा गिअर. तेव्हा त्याच आकड्याची चांगली कॅप आणून लावा. जास्त आकड्याची लावायचा मोह नको, जुने पाइप आणि रेडिएटर तो दाब झेलतीलच असं नाही. कॅपमध्ये एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो, इंजिन थंड होताना बाजूच्या डब्यात गेलेलं पाणी परत आत ओढणारा. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा पाइप चिमटल्यासारखा आत बसलेला दिसला तर तोही गेलाय समजा. कॅप काढायची ती फक्त थंड इंजिनवर, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता थेंब का दिसत नाही त्याबद्दल. माझ्याच जुन्या गाडीने मला यात सहा महिने फिरवलं. तीन गॅरेजं झाली. एकाने पाण्याचा पंप बदलला, दुसऱ्याने सगळे होज पाइप, तिसऱ्याने तुमच्यासारखंच हेडचं नाव काढलं. शेवटी एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याने सकाळी थंड इंजिनवर कॅपच्या जागी दाब भरायचा हातपंप लावला, त्याच्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा ०.९ वर आणला आणि चहा मागवला. चहा संपेस्तोवर काटा ०.६ वर आला होता. मग त्याने टॉर्च घेतला आणि रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते, त्या शिवणीवर धरला. तिथे नखाएवढा पांढरट-हिरवा थर साचला होता, वाळलेल्या मिठासारखा. बोटाने खरवडला तसा खालून बारीक ओलावा फुटला. गाडी चालू असताना दाबाखाली तिथून फवारा उडायचा आणि तापलेल्या जाळीवरच वाळून जायचा. जमिनीपर्यंत थेंब पोचणार कुठून?

ही प्रेशर टेस्ट मागूनच घ्या. हातपंप नसलेलं गॅरेज असेल तर दुसरं शोधा. टेस्ट चालू असताना पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचे ओघळ शोधायचे: पाइपांच्या क्लिपांखाली, थर्मोस्टॅटच्या घराच्या जोडावर, पाण्याच्या पंपाच्या पोटातल्या बारीक भोकापाशी. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून ओघळ आला की पंपाचं सील गेलं. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्टही त्याच कामात बदलून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा. इंजिन ब्लॉकला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या असतात, त्याही गंजून पाझरतात आणि मागच्या बाजूची टिकली आरसा धरल्याशिवाय दिसत नाही. शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचं कारपेट हाताने दाबून बघा. चिकट ओल, गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर हीटरची जाळी फुटली आहे. नुसती ओल, वास नाही, तर ते बहुधा एसीचं पाणी. चाखून बघू नका. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात, तेव्हा सांडलं तर धुऊन टाका.

प्रेशर टेस्टमध्ये काटा हलला नाही आणि नव्या कॅपनंतरही पाणी कमी होतंय, तर मग गॅस्केटकडे वळू. त्यालाही हेड खोलायच्या आधीच्या खुणा असतात. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारा आणि रेडिएटरचा वरचा पाइप पंख्यापासून हात लांब ठेवून दाबत राहा. पाणी गरम व्हायच्या आधी, मिनिट-दोन मिनिटांतच पाइप दगडासारखा ताठ झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी मांडा, एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरवर संशय. काही गॅरेजांत निळ्या द्रावणाची नळी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, आणि जळलेला गॅस असला तर निळ्याचं पिवळं होतं. पेट्रोल गाडीला याच्याइतकी सरळ तपासणी दुसरी नाही.

ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही ती जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, टो करून न्या. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफही तशीच, ती विरली तर प्रश्न नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर रेंगाळत राहिला तर प्रश्न आहे.

थर्मोस्टॅट परत बसवा. याबाबतीत मी हट्टी आहे. आपल्याकडे गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी खोड आहे. त्याने शहरात काटा खाली राहतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. तुमचा काटा पुण्यात निम्म्याच्याही खाली राहतो तो त्यामुळेच. दुखणं तसंच आहे, फक्त घाट लागेपर्यंत दिसत नाही. वर थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. नवा बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून, दोरीला टांगून बघा, ८२ ते ८८ च्या आसपास, त्याच्यावर कोरलेल्या आकड्याला तो उघडायला हवा.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. उभ्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापत नाही म्हणजे पंखा बहुधा ठीक आहे, तरी थर्मोस्टॅट बसवल्यावर तो लागतो का ते बघून घ्याच. पंख्याचं दुखणं सिग्नलला दिसतं. चढावरच तापणाऱ्या गाडीत मला आधी रेडिएटरच्या आतल्या नळ्यांचा संशय येतो. तुम्ही कोणतं पाणी घालत होतात ते लिहिलेलं नाही. सोसायटीच्या बोअरचं असेल तर आतून किटलीसारखा थर बसला असणार. बाहेरूनही बघा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, किडे, पाचट गच्च बसतं आणि समोरून काहीच दिसत नाही. पाणी मागून पुढे मारायचं, कमी प्रेशरने, नाहीतर पाती आडवी होतात. कूलंट रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे हवा अडकत नाही.

कुणी हळद टाकायला सांगेलच. ट्रकवाले टाकतात, गळती थांबतेही. पण ज्या बारीक नळ्यांतून पाणी जायचं त्याच ती बुजवते. रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचं असेल तर टाका, मग रेडिएटर धुऊन घ्यायची तयारी ठेवा.

आणि सगळ्या तपासण्यांनंतर हेड खोलायचंच ठरलं, तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, एकदा लाल पट्टीपर्यंत तापलं की वाकलेलं असू शकतं. सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून मोजायला सांगा, समोर उभे राहून. बऱ्याच लहान इंजिनांना ०.०५ मि.मी. एवढीच सूट असते, तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. त्याहून जास्त वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट, करून घ्यायचं.

तोवर घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. लगेच बाजूला थांबायला जागा बघा. आणि काटा अचानक झपकन खाली आला तर हुश्श करू नका, सेन्सरपाशी पाणीच उरलं नसेल तरी तो असाच खाली येतो. तेव्हा इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नका.