अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा कोच हरल्यावर काही बोलला की चाहते एवढे का पेटतात?

तुम्ही विचारलंय की, कोच जाणार हे जवळपास ठरलेलं असताना हरल्यावर तो चार शब्द तिरसट बोलला, तर लोकांनी एवढं मनाला का लावून घ्यावं. शेवटी कॉलेजच्या पोरांचा खेळ. मी काही वर्षं नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात नोकरीला होतो. तिथे हे प्रकरण अगदी जवळून पाहिलं, तेच सांगतो.

आधी 'कॉलेजच्या पोरांचा खेळ' हे डोक्यातून काढा. नेब्रास्कात मोठ्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही. जे काय आहे ते लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा संघ, हस्कर्स. त्यांच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपतात. सीझन तिकिटं तिथे शेतजमिनीसारखी वारशानं पुढे जातात. माझ्या सहकाऱ्याच्या सासऱ्यांनी ती मुलाला न देता जावयाला दिली, तर मेहुण्यानं वर्षभर अबोला धरला होता!

तर कोच होते बो पेलिनी. 2008 ते 2013 या सहाही हंगामांत किमान 9 विजय, आणि सहाही हंगामांत बरोबर 4 पराभव. ना धड वाईट, ना धड भारी. जुने कोच टॉम ऑस्बर्न यांच्या काळात 1994, 1995 आणि 1997 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं पाहिलेल्या लोकांना हे वर्षानुवर्षं 'पास क्लास' वाटत होतं.

29 नोव्हेंबर 2013, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, आयोवाविरुद्ध सामना. सहकारी आणि त्याचे सासरे यांच्या मधोमध मी, उसन्या लाल जाकिटात, थंडीनं काकडत बसलेलो. पेलिनींनी चिडून टोपी रेफरीच्या तोंडापर्यंत फिरवली, त्याचा दंड बसला. आम्ही 38-17 हरलो. ('आम्ही' म्हणायला मी दुसऱ्या हंगामातच शिकलो होतो.) परतताना गाडीत रेडिओवर त्यांचं बोलणं लागलं. रेफरीचा उद्धार झालाच, पण मुख्य म्हणजे सूर असा की, काढायचं असेल तर खुशाल काढा, केलेल्या कशाचीही मला माफी मागायची नाही. टोपीबद्दलची दिलगिरी नंतर लेखी आली.

सहकारी मोठ्यानं हसला. म्हणाला, बरोबर बोलतोय, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. सासऱ्यांनी रेडिओ बंद केला. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "याला आम्ही घोषणा देऊन मागून घेतला होता."

ते खरंच होतं. 2003 मध्ये तेव्हाच्या कोचला काढल्यावर हंगामाअखेरच्या अलामो बोल या एका सामन्यापुरती धुरा पेलिनींकडे आली होती. तो सामना जिंकल्यावर 'वी वॉन्ट बो'चा गजर झाला होता. आणि आता हेच गृहस्थ 'खुशाल काढा' म्हणत होते. त्यात सप्टेंबरची जखम ओली होती. 2011 मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध संघ 27-6 मागे असताना बरेच लोक उठून घरी गेले, आणि संघानं सामना 34-27 असा खेचून आणला. त्यानंतर पेलिनींनी चाहत्यांना खासगीत घातलेल्या शिव्यांचं ध्वनिमुद्रण दोन वर्षांनी बाहेर आलं होतं. माझा अंदाज, त्या रात्री मध्येच उठून गेलेलेच टेप ऐकून सगळ्यात जास्त चिडले असणार. मला मात्र पेलिनींची थोडी कीवच येते. हरल्याच्या दहाव्या मिनिटाला माईकसमोर आणि बंद खोलीतही माणसानं शहाण्यासारखंच बोलावं, ही अपेक्षा आपण आपल्या काकांकडूनही ठेवत नाही.

गंमत म्हणजे तेव्हा त्यांना काढलंच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये सराव सामन्याला ते चक्क मांजर उंचावत मैदानात आले. इंटरनेटवर त्यांच्या नावानं चालणाऱ्या विडंबनी खात्यावर मांजर घेतलेलं त्यांचं चित्र असायचं, त्याला ते उत्तर होतं. ज्यांनी नोव्हेंबरमध्ये त्यांचं नाव टाकलं होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मग 2014 मध्ये, आयोवाला ओव्हरटाइममध्ये 37-34 हरवल्यावर दोन दिवसांत नारळ दिला. निरोपाला खेळाडूंना एका शाळेत जमवून त्यांनी अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाला, जी लाखोली वाहिली, तीही फुटली. पुन्हा तेच दोन तट, पुन्हा तीच भांडणं.

पुढे माइक रायली आले, 19 विजय आणि 19 पराभव करून गेले. मग 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार खेळाडू), घरचाच मुलगा स्कॉट फ्रॉस्ट आला. त्याचे 16 विजय आणि 31 पराभव. सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नकडून 45-42 हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यालाही काढलं. तोवर मी भारतात परतलो होतो. सहकाऱ्याला फोन केला, तर मागून सासऱ्यांचा आवाज आला: "त्याला सांग, बो असता तर वर्षाला चारच हरलो असतो."