अधिकाऱ्याने आमदारापासून माहिती दडवली तर त्याला खरंच शिक्षा होते का?

होते, पण क्वचित. आणि झालीच तर बहुधा माहिती दडवली म्हणून नाही, सभागृहाचा अवमान केला म्हणून होते.

मी सहा वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला असतो. आमचा एक प्रश्न असा होता: "(१) पाझर तलावाच्या दुरुस्तीचे काम अपूर्ण असताना देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" मंत्रालयात याला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. तो विभागातल्या कार्यासनावरून, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलावरून, जिल्ह्याला जातो, तिथून उपविभागाला, म्हणजे उपअभियंत्याकडे. म्हणजे ज्याच्या कामाबद्दल विचारलंय, बहुतेक वेळा तोच उत्तराचा मसुदा लिहितो! उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." पहिल्याला 'नाही' लिहिलं की खालचे उपप्रश्न आपोआप मरतात. मुरलेला माणूस 'अंशतः खरे आहे' लिहितो, आणि किती अंश हे विचारेपर्यंत अधिवेशन संपलेलं असतं.

खरी मेख पुढे आहे. उत्तर मंत्र्यांच्या नावाने जातं, त्यामुळे हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाचे विशेषाधिकार मोडल्याची, सूचनाही त्यांच्यावरच द्यावी लागते आणि त्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं. मंत्री विभागाकडे बोट दाखवतात, विभाग क्षेत्रीय कार्यालयाकडे.

अधिकारी थेट सापडतो तो समितीपुढे. सरकारी खर्च तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती सचिवांना साक्षीला बोलावू शकते, कागद मागवू शकते. तिथेही पळवाट आहेच. लोकसभेच्या नियम 270 नुसार राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं कारण देऊन सरकार कागद नाकारू शकतं. 'हित' किती ताणायचं ते सरकारच्या हातात.

मात्र समितीला जुमानलंच नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने 2008 मध्ये पाहिलं. तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल घटनात्मक पदाचा हवाला देत हक्कभंग समितीपुढे गेले नाहीत. विधानसभेने त्यांना 2 दिवसांची कैद सुनावली आणि थेट आर्थर रोड तुरुंगात पाठवलं. हा अधिकार येतो राज्यघटनेच्या अनुच्छेद 194(3) मधून. हे विशेषाधिकार नेमके कोणते, याचा सविस्तर कायदा आजवर झालेला नाही.

गंमत म्हणजे साध्या नागरिकाच्या हातातली छडी जास्त नेमकी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 खाली दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड, तोही माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही, अशी एक ओळ या कायद्यात होती. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती काढून टाकली. मला ते अजून खटकतं.

आम्ही शेवटी तोच रस्ता धरला. गावातल्या एका पोराला अर्ज टाकायला लावून मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदवतात तिची, प्रत मिळवली. तलावाच्या आतल्या बाजूचं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) पूर्ण मोजलेलं, तारीख 14 ऑगस्ट. त्या दिवशी सांडव्यावरून पाणी वाहत होतं. पिचिंग पाण्याखाली असताना टेप कुणी धरला?

ती प्रत जोडून हक्कभंगाची सूचना दिली, तेव्हा पुढच्या अधिवेशनात सुधारित उत्तर आलं. तुमच्या आमदारांना सांगा, 'हे खरे आहे काय' एवढंच विचारू नका. पुस्तिकेचा क्रमांक आणि पान लिहून तिची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवणार का, असं विचारा. तिथे 'प्रश्न उद्भवत नाही' लिहायला हात थरथरतो.

उपअभियंत्याची विभागीय चौकशी लागली खरी. पण तोवर साहेब दुसऱ्या जिल्ह्यात, बढतीवर.