नव्या टीम लीडला: सुरुवातीला एवढंच
अभिनंदन! ऐरोलीतली टीम हातात आलीय, तर आधी प्रत्येकाशी आठवड्यातून एकदा अर्धा तास वेगळं बसून बोल. कामाचा हिशेब मागू नकोस, अडतंय कुठे ते विचार. डोंबिवली-कल्याणची मंडळी ठाण्याला उतरून ऐरोलीकडे येणारी ट्रान्सहार्बर लोकल पकडतात. सकाळी नऊची मीटिंग लावण्याआधी त्यांना विचारलंस तरी खूप.

नवे लीड हमखास चुकतात ते इथे:

- ‘मीच पटकन करतो’ म्हणत सगळं स्वतःकडे ओढणं. काम सोपव, मुदत सांग आणि मध्ये हात घालू नकोस. पहिल्यांदा वेळ जास्त लागेल, लागू दे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.
- चारचौघांत चूक काढणं.

अप्रेझल, बजेट वगैरे नंतर बघू. अडलास तर बिनधास्त विचार.