वणव्याची एवढी भीती आहे तर वनखातं हिवाळ्यात स्वतःच गवत का जाळतं?

जानेवारीत चिखलदऱ्याकडे जाताना रस्त्यालगत जळालेले काळे पट्टे दिसले, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी मेळघाटात नऊ वर्षं वनरक्षक होतो. असे पट्टे दर हिवाळ्यात मजुरांसोबत उभं राहून जाळलेत.

त्यांना जाळरेषा म्हणतात. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी रस्त्याकडेचं आणि कक्षांच्या, म्हणजे कामासाठी पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या, हद्दीवरचं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि जाळून टाकायचं. एप्रिलमध्ये वणवा तिथवर आलाच, तर त्या पट्ट्यात त्याला खायला काही उरलेलं नसतं, आणि आग अडवायला माणसांना पाय रोवायला जागा मिळते. जाळायचं तेही वारा पडलेला असताना, आजूबाजूच्या गवतात ओल असताना. उतारावर वरच्या अंगाने पेटवायचं, म्हणजे आग हळूहळू खाली सरकते. खालून पेटवली तर ती डोंगर चढत सुटते, आणि मग कुणाला ऐकत नाही.

सगळ्यात जिकिरीचं काम त्यानंतरचं. एखादा वाळका, पोकळ ओंडका आतून धुमसत असतो. वर राख पांढरी पडलेली, धूर नाही. हाताची पाठ जवळ नेली की धग लागते. तो फोडायचा, मातीने दाबायचा, तासाभराने पुन्हा हात लावून बघायचा. हे न करता घरी गेलं, की दुपारच्या वाऱ्याने ठिणगी रेषेपलीकडे गेलीच म्हणून समजा. त्यामुळे तुमची शंका अगदीच चूक नाही. निष्काळजीपणे जाळलेली रेषा स्वतःच वणवा होऊ शकते.

अमेरिकेतल्या काही उद्यानांत विजेने लागलेली आग नजर ठेवून जळू देतात, असं तुम्ही वाचलंय. आपल्याकडे वीज बहुधा पाऊस घेऊनच येते. इथली आग जवळजवळ नेहमी माणसाची असते. मार्चमध्ये मोह गळायला लागला की फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. सागाचा वाळका पाला जमिनीवर पसरलेला असतो, तो भरभर पेट घेतो. ही आग शेंड्याला क्वचित जाते, ती जमिनीवरून धावते. त्यात रोपं जातात, जमिनीवर घातलेली रानकोंबडीची अंडी जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात नाल्याला लागते.

म्हणून मला जाळरेषेपेक्षाही फेब्रुवारीतल्या गावबैठका महत्त्वाच्या वाटतात. मोहावर घर चालणाऱ्या बाईला नुसतं ‘जाळू नका’ सांगून भागत नाही. झाडाखाली आधी झाडून घ्या, जुनी साडी किंवा जाळी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतील, असं तिच्या झाडाखाली उभं राहून सांगावं लागतं. ज्या गावात हे पटलं, तिथल्या माझ्या रात्री शांत गेल्या.

उपग्रहावरून आगीचा संदेश मोबाइलवर येतो, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच डोक्यावरून जातो. डोंगरावर धूर आधी दिसतो तो गुराख्याला. तुम्हाला दिसला तर १९२६ वर फोन करा, ती वनविभागाची हेल्पलाइन आहे. जवळचं गाव किंवा रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड सांगितलात तर पोचायला सोपं जातं.