मोझांबिककडे एवढा कोळसा आणि गॅस असताना इडाई वादळानंतर खेड्यांतले लोक उपाशी का राहिले? फक्त भ्रष्टाचारामुळे?

भ्रष्टाचार आहेच. सरकारी हमीवर घेतलेली सुमारे 2 अब्ज डॉलरची कर्जं संसदेपासून लपवून ठेवली होती, हे 2016 मध्ये उघड झालं आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारी मदत थांबवली. पण उद्या सगळे प्रामाणिक झाले तरी प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही.

तेते प्रांतातल्या मोआतीझेचा कोळसा सेना रेल्वेमार्गाने बेइरा बंदरात येतो. वाटेतल्या सोफाला प्रांतात बहुतेक कुटुंबं हाताने शेत खणून पावसाच्या भरवशावर मका पेरतात. गाड्या त्यांच्या भागातून जातात, कमाई मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. खाणीचं काम यंत्रांवर चालतं, त्यामुळे रोजगार मोजकाच. खाणीसाठी उठवून कातेमेला वसवलेल्या कुटुंबांनी तर जानेवारी 2012 मध्ये हाच रेल्वेमार्ग अडवला होता.

14 मार्च 2019 च्या रात्री इडाई बेइराजवळ धडकलं. पुंग्वे आणि बुझी नद्यांचं पाणी मैलोन्‌मैल पसरलं, लोक छपरांवर आणि झाडांवर चढून बसले. एकट्या मोझांबिकमध्ये 600 हून जास्त माणसं गेली. वेळही वाईट. तिथली मुख्य कापणी एप्रिल-मेमध्ये असते, म्हणजे पीक हाताशी आलेलं असताना पाण्याखाली गेलं. त्याच पिकातून वर्षाचं धान्य निघतं आणि पुढच्या पेरणीचं बियाणंही. मातीच्या घरात साठवलेलं थोडंफार होतं, ते घराबरोबर वाहून गेलं. बँकेत काही नाही, विमा नाही. म्हणून एका रात्रीचं नुकसान दोन हंगाम पुरतं.

आणि गॅस? देशाच्या उत्तर टोकाला समुद्रातल्या रोवुमा खोऱ्यातले मोठे साठे 2010 पासून सापडत गेले, पण इडाई आलं तेव्हा त्यातली एकही खेप निर्यात झालेली नव्हती. पहिली गेली नोव्हेंबर 2022 मध्ये. वादळानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जे सुमारे 11.8 कोटी डॉलर दिले, तेही कर्जच. सहा आठवड्यांत केनेथ वादळ आलं, तेही थेट गॅसच्याच काबो देल्गादो प्रांतावर.

माझ्या मते गॅसचा पहिला पैसा राजधानीत नाही, तर उंचावरच्या बियाण्याच्या कोठारांवर आणि पुरातही चालू राहतील अशा रस्त्यांवर खर्च व्हायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पेरणीला बियाणं हातात असलं, तर निदान दुसरा हंगाम तरी वाचतो.