‘ऑल्ट-कंट्री’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अंकल टुपेलो या अमेरिकी बँडवर मराठीत लिहायचं आहे, तर ‘इंडिपेंडंट ऑल्ट-कंट्री बँड’ला ‘स्वतंत्र पर्यायी ग्रामीण बँड’ म्हणता येईल का?

माझ्या मते नाही. सगळ्यात जास्त घोटाळा ‘ग्रामीण’ने होतो. ‘कंट्री’ हे अमेरिकी संगीत खेड्यापाड्यांतून आलं हे खरं, पण ते नाव रूढ केलं ते बाजाराने. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या फिडल-बँजोच्या तबकड्या ‘हिलबिली’ म्हणून विकल्या जात. त्या शब्दात हेटाळणी होती. १९४९मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ म्हटलं आणि पुढे ‘कंट्री’ हे जवळजवळ विशेषनामच झालं. ‘लोकसंगीत’ही चालणार नाही. कंट्रीचा नामवंत गायक हँक विल्यम्स याची बरीचशी गाणी त्याने स्वतः रचलेली आहेत, लोकपरंपरेतून आलेली नाहीत.

‘देशी’ या शब्दाचा मात्र मोह पडतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मार्ग आणि देशी असा भेद आहे, आणि त्या त्या प्रदेशातल्या लोकांना रुचेल ते देशी. अर्थ किती चपखल बसतो! पण आजच्या वाचकाच्या मनात ‘देशी’ म्हणजे भारतीय, तेव्हा अमेरिकी बँडला तो शब्द लावला तर गोंधळच होईल. ‘कंट्री’ तसंच ठेवावं.

‘ऑल्ट’साठी ‘पर्यायी’ही नको. पर्यायी रस्ता मूळ रस्त्याऐवजी असतो. अंकल टुपेलोचे तिघे, म्हणजे इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावचे जे फॅरर, जेफ ट्वीडी आणि माइक हाइडॉर्न, कंट्रीऐवजी दुसरं काही देत नव्हते, ते कंट्रीच्या मुळांकडेच निघाले होते. त्यांचा १९९०चा पहिला अल्बम ‘नो डिप्रेशन’ ऐका. पंक या बंडखोर रॉकच्या जोमाने कडाडणाऱ्या गिटारींच्या शेजारी कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक-कुटुंबाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेलं एक भक्तिगीत आहे, त्याच्यावरूनच अल्बमचं नाव. इथे भाषांतर करणाऱ्याने जपावं. ‘डिप्रेशन’ म्हणजे नैराश्य नव्हे, १९३०च्या दशकातली महामंदी. जिथे मंदी नाही अशा स्वर्गात जायची आस त्या गाण्यात आहे. कारखाने ओस पडत चाललेल्या गावातल्या पोरांना ते गाणं आपलं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. पुढे १९९५मध्ये या संगीताला वाहिलेलं नियतकालिक निघालं, त्यानेही हेच नाव घेतलं. तेव्हा ‘ऑल्ट-कंट्री’च लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जुन्या कंट्रीची मुळं धरून वाजवलेलं रॉक’ असा खुलासा द्यावा.

राहिलं ‘स्वतंत्र’. इथे प्रश्न वृत्तीचा नाही, तबकडी कोण काढतं याचा आहे. त्यांचे पहिले तीन अल्बम रॉकव्हिल या छोट्या कंपनीने काढले. चौथा, १९९३चा ‘ॲनोडाइन’, वॉर्नर या बड्या कंपनीच्या छत्राखालच्या सायरने काढला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर शेवटी शेवटी ते ‘इंडी’, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरचे, राहिलेच नव्हते. १९९४मध्ये बँड फुटला, फॅररने सन व्होल्ट काढला, ट्वीडी आणि बँडमधल्या त्या वेळच्या बाकी सदस्यांनी विल्को.

मी वाक्य असं करीन: ‘अंकल टुपेलो हा बेलव्हिलचा ऑल्ट-कंट्री बँड, त्याचे पहिले तीन अल्बम एका छोट्या कंपनीने काढले.’ ‘इंडी’ हवंच असेल तर ते १९९३च्या आधीच्या काळापुरतं वापरावं.