क्लास लावलात, पण तिला विचारलंत का?

पत्र एका वडिलांचं आहे. मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला, मागच्या सेमिस्टरला 58 टक्के, आणि तिला पुढे मास्टर्स करायचंय ते युरोपियन प्रशासकीय कायद्यात, म्हणजे युरोपियन युनियनचा कायदा आणि सदस्य देशांचे सरकारी कारभाराचे कायदे एकमेकांना कसे बदलतात त्या विषयात. वडील लिहितात, "ब्रसेल्सहून हुकूम निघतो आणि बाकीचे देश मान डोलावतात, यात शिकायचं काय? मी न्यायाधीश परीक्षेचा क्लास लावलाय, फी भरली. तुम्ही फक्त तिला समजवा, आणि मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका."

साहेब, 58 टक्क्यांची मला काडीची काळजी नाही. खटकलं ते शेवटचं वाक्य. पत्र दोनदा वाचलं, तुमचं मत कळलं, तुमच्या मेव्हण्यांचंही कळलं, पण मुलीच्या तोंडचं एक वाक्य सापडेना. हा विषय तिच्या डोक्यात आला कुठून, तेसुद्धा नाही. फी भरून झाल्यावर समजवायला माणूस शोधायचा, याला विचारणं म्हणत नाहीत हो.

गंमत म्हणजे तिच्या विषयात नेमकी अशीच एक केस आहे. जहाजांचा रंग बनवणाऱ्या मध्यम कंपन्यांचा एक संघ होता, ट्रान्सओशन मरीन पेंट. कंपन्यांनी संगनमत करू नये म्हणून असलेल्या स्पर्धा कायद्यातून त्यांना मिळालेली सूट युरोपियन कमिशनने, म्हणजे ब्रसेल्समधल्या युनियनच्या कारभारी संस्थेने, 1973 मध्ये वाढवून दिली, पण सोबत एक अट चिकटवली की रंगाच्या धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्यांशी सभासदांचे काही संबंध जुळले तर ते आम्हाला कळवायचे. अशी अट येतेय हे त्यांना आधी कुणी धड सांगितलंच नव्हतं, मग बोलणार कधी? ब्रिटन त्याच वर्षी आत आलेला, लक्झेंबर्गच्या कोर्टात, म्हणजे युरोपच्या या कायद्याच्या सर्वोच्च कोर्टात, ॲडव्होकेट जनरल (निकालाआधी कोर्टाला स्वतंत्र मत देणारे) वॉर्नर हे ब्रिटिश, त्यांनी सदस्य देशांचे कायदे चाळले आणि दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्यायचा नियम, आपल्या लॉच्या पोरांना पाठ असलेलं ऑडी अल्टरम पार्टम, कोर्टापुढे ठेवला. 1974 मध्ये ती अट रद्द झाली, कमिशनची चूक एवढीच की विचारलं नाही. तुमच्या क्लासच्या पावतीचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तुमचा गैरसमज. हुकूम वरून येतो हे अर्धंच खरं, कारण वरच्यांनी हे नियम आणले कुठून तर खालूनच. सरकारने गरजेपेक्षा जास्त बळ वापरू नये, ज्याला प्रमाणबद्धतेचं तत्त्व म्हणतात, त्याची मुळं प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या पोलिसांना आवर घालणाऱ्या प्रशासकीय न्यायालयांत आहेत. 1970 पर्यंत ते लक्झेंबर्गच्या निकालांत पोचलं, आणि तिथून ज्या देशांत ते नव्हतं तिथे उतरायला लागलं, 1984 च्या एका निकालात ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांनी इंग्लंडमध्येही ते कधीतरी येईल असं बोलून ठेवलं. त्याहून भारी फॅक्टरटेम नावाच्या केसची गोष्ट. स्पॅनिश मालकांच्या मासेमारी बोटींनी ब्रिटनच्या 1988 च्या कायद्याला आव्हान दिलं, इंग्लिश नियम असा की राजसत्तेविरुद्ध, म्हणजे सरकारविरुद्ध, अंतरिम मनाई (निकाल लागेपर्यंतची तात्पुरती बंदी) मिळत नाही, लक्झेंबर्गने 1990 मध्ये सांगितलं की युरोपियन हक्काच्या आड येणारा असला नियम बाजूला ठेवा. मग प्रश्न असा पडला की स्पॅनिश बोटवाल्याला जे मिळतं ते साध्या अर्जदाराला का नाही? 1993 मध्ये युरोपशी काडीचा संबंध नसलेल्या, परत पाठवून दिलेल्या एका आश्रय मागणाऱ्याच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, मंत्र्याविरुद्धही मनाई देता येते असं ठरवलं. ब्रिटन 2020 ला बाहेर पडला, हा निकाल मात्र तिथेच राहिला. मान डोलावणं म्हणतात ते हे नव्हे.

न्यायाधीश परीक्षा चांगलीच आहे, ज्याला द्यायचीय त्याने द्यावी, त्यावर आणखी काय बोलणार.

पण मुलीलाही गोड गोड सांगणार नाही. युनियनच्या संस्थांत कायम अधिकारी व्हायला साधारणपणे सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे "ब्रसेल्सला नोकरी" हे स्वप्न असेल तर ते आत्ताच तपासून घ्यावं. कमिशनची पाच महिन्यांची ब्लू बुक ट्रेनीशिप आहे, त्यात बाहेरच्यांना जागा असतात पण मोजक्या. बाकी रस्ते म्हणजे पीएचडी, अध्यापन, स्पर्धा कायद्याचं काम करणाऱ्या फर्म. लक्झेंबर्गच्या कोर्टाचं आतलं कामकाज फ्रेंचमध्ये चालतं, तेव्हा फ्रेंच शिकायला मास्टर्सची वाट बघू नये.

तुम्ही सांगितलेलं "समजवणं" माझ्याकडून होणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवू द्या. त्यात तिने दोनच गोष्टी लिहाव्यात, फॅक्टरटेमचा निकाल अख्खा वाचलाय की फक्त नोट्स, आणि 58 मध्ये प्रशासकीय कायद्याच्या पेपरला किती होते.